आम्ही त्याला थायरॉइड म्हणत होतो

"सायबिणीन नुसतो हात फिरवल्यान आणि गाठ गेली. सुई नाय, गोळी नाय."

फिलूमावशी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होती. मी भिंतीपलीकडच्या खोलीत पलंगावर पडले होते. केमोचा पाचवा डोस होऊन चौथा दिवस होता. पलंगाखाली बादली, उशीवर केस, आणि तोंडात लोखंडाचा पाना चोखल्यासारखी चव. मावशी ज्या गाठीबद्दल बोलत होती ती माझ्या मानेवरची.

"खरा सांगतंस?" हा आवाज सुलभाकाकीचा. काकी आमच्या शेजारच्या घरात राहते आणि काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते.

"खोटा कित्याक सांगू? ही बघ, तिची आवस हंयच बसली हा. विचार तिका."

इथे मम्मीने काहीतरी बोलायला हवं होतं. कपबश्या एकात एक ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

"मगे माका तरी गोव्याक जावची काय गरज?" काकी म्हणाली. "सोमवारी बोलवल्यानी हत, गाठीचो तुकडो काढूक. झिलान सुट्टी पण घेतल्यान. पण शनिवारी तुमच्याकडे सायबीण येतली मां? मी तिच्याच पायाक लागतंय. सोमवारचा मगे बघू." ती पुढे म्हणाली, "दुसऱ्या कोणी सांगितल्यान असता तर माका पटाक नसता. तुमी खोटा बोलणारी माणसां न्हय."

उठून बाहेर जायला मला सात-आठ पावलं लागली असती. मी चादर तोंडावर ओढून घेतली.

*

हे लिहिते आहे तेव्हा माझे नऊ डोस झालेत, तीन बाकी आहेत. ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आत्ताच आला असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांबद्दल डॉक्टर माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला भीतीबद्दल माहीत आहे, म्हणून मी तिच्याबद्दल सांगेन. आणि आमच्या घराने केलेल्या एका चुकीबद्दल.

सायबीण म्हणजे मारिया मातेची मूर्ती. आमच्या वाडीत नाताळ झाला की ती काचेच्या पेटीतून घरोघर फिरते. एक दिवस एका घरी मुक्काम, दुसऱ्या संध्याकाळी त्या घरची माणसं तिला गात गात पुढच्या घरी पोहोचवतात. तिथे माळ जपतात, मग उकडलेले चणे वाटतात. आमचे हिंदू शेजारीही येतात, अबोलीचा वळेसर घालतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. कोणाला तिचा अनुभव आला असेल तर तो सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा असतो. त्याला साक्ष देणं म्हणतात. मी लहानपणापासून साक्षीच्या वेळी चण्याच्या पातेल्याकडे जाऊन उभी राहते, म्हणजे कोणी मला बोलावू नये.

*

गाठ गणपतीनंतर दिसली. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, काजूच्या बीएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं सगळ्यांनी ठरवलं, मीसुद्धा. तरी संध्याकाळी ताप यायचा आणि सकाळी उशी ओली असायची.

वाडीत कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी इंग्रजी माध्यमात शिकले, म्हणून. बँकेचा कागद, विम्याचा, आखातात गेलेल्या जावयाचा. मी वाचते, त्यात काय आहे ते सांगते आणि आत निघून जाते. लोकांशी बोलायची माझी तेवढीच पद्धत होती, कागद मध्ये धरून.

तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्याचा रिपोर्ट आणायला मी आणि पप्पा गेलो. डॉक्टर यायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर बसून मी पाकीट उघडलं.

"काय लिवलाहा?" पप्पांनी विचारलं.

एक पान होतं. शेवटच्या दोन ओळींत ते नाव होतं, लिम्फोमा. शंकेला जागा ठेवणारा एकही शब्द त्याच्या आजूबाजूला नव्हता. मी पुन्हा वाचलं. वाडीभरच्या लोकांना मी कागद वाचून दाखवले होते. हा मी घडी घालून परत पाकिटात ठेवला.

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.

"बरा," पप्पा म्हणाले, आणि सैल होऊन मागे टेकले. वाईट असतं तर हिने सांगितलं असतं, असं त्यांना वाटलं. पुढची वीस मिनिटं ते मला एका बोटीची गोष्ट सांगत होते. तिच्या पंख्यात जाळं अडकलं होतं आणि बोट चालवणारा तांडेल इंजिनाला शिव्या देत होता. सांगता सांगता ते हसले. मीही हसले. पाकीट मी मांडीखाली दाबून ठेवलं होतं. त्या वीस मिनिटांची मला अजून लाज वाटते.

आत गेल्यावर डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं. पप्पा कचेरीत बोलतात तसं शुद्ध मराठी बोलले, "हे बरं होतं ना, साहेब?"

"बहुतेकांचं होतं. पण गोव्याला जाऊन उपचार पूर्ण घ्यायचे. मध्ये बरं वाटलं तरी सोडायचे नाहीत."

बाहेर आल्यावर पप्पांनी विचारलं, "तुका भायर बसान वाचलंस तेवाच कळला?"

मी मान हलवली. स्टँडवर आम्ही चुकीच्या गाडीत चढलो आणि दोन स्टॉप पुढे गेल्यावर उतरलो.

*

थायरॉइड हे नाव मम्मीने निवडलं. वाडीतल्या निम्म्या बायकांना थायरॉइड आहे. थायरॉइडला कोणी भेटायला येत नाही, कोणी डोळ्यांना पदर लावत नाही. केस गळतात, वजन घटतं, थकवा येतो, सगळं त्यात बसतं. "कोणाक काय सांगायचा नाय," ती म्हणाली. "फिलूकपण नाय. तिच्या पोटात काय रवणा नाय." फिलूमावशी तिची सख्खी मोठी बहीण.

मम्मीवर सगळं ढकलणं सोपं आहे. खरं म्हणजे हे मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. लोक माझ्याकडे बघतील, दारात उभे राहून आवाज बारीक करतील, याची भीती मला त्या दिवसांत आजाराइतकीच होती. मम्मीने एकदा थायरॉइड म्हटल्यावर मला खोटं बोलावंही लागत नव्हतं. गप्प राहिलं की भागत होतं, आणि गप्प राहणं मला आधीपासून येत होतं.

जड गेलं ते पप्पांना. पप्पांचं नाव बावतीस. वेंगुर्ल्याच्या जेटीवर ते बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. "हो पंप अजून दोन वर्सां जातलो, बदलू नको," असं ते तांडेलाला सांगतात, नवीन पंप बसवायचं काम हातचं गेलं तरी. जेटीवर "बावतिसान सांगल्यान मां? मगे झाला" एवढ्यावर वाद मिटतात. देवाधर्माचं मात्र ते काही बोलत नाहीत. मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि प्रवचन सुरू झालं की त्यांना डुलकी लागते. मावशी त्यांना टोचते, "भावोजी, देव तुमका घोरण्यावरसून वळखतलो." ते म्हणतात, "वळखल्यान म्हणजे झाला."

पप्पांना जेटीवर कोणीतरी विचारलं, "पोरीक काय झाला रे?" त्यांनी उत्तर न देता इंजिनात डोकं घातलं. हे त्यांनीच नंतर सांगितलं. मग ते चहाला टपरीवर जायचे बंद झाले. चहा घरून नेऊ लागले, फ्लास्कमधून. मम्मी तो भरून द्यायची आणि दोघांपैकी कोणी कोणाकडे बघायचं नाही.

*

दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा. पहाटेची गाडी पकडून मी आणि मम्मी गोव्याला जायचो. आधी रक्त द्यायचं. मग पेशी पुरेशा आहेत की नाहीत ते कळेपर्यंत बसायचं. कमी असल्या तर परत घरी. पुऱ्या असल्या तर खुर्ची मिळायची. परत पाठवतील म्हणून मला भीती वाटायची आणि पाठवणार नाहीत म्हणूनही.

पहिलं औषध लाल. सिस्टर ते मोठ्या सुईतून हळूहळू शिरेत सोडायची आणि बोलत राहायची. शेवटची बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली असायची, तिला उजेड चालत नाही. ती सुरू झाली की मनगटापासून कोपरापर्यंत शीर जळत जायची. सिस्टर गोव्याची. ती गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हातावर ठेवायची आणि म्हणायची, "भियेनाका गो." टॉवेल गार झाला की न सांगता बदलायची. तिला वीस खुर्च्या बघायच्या असत. तिने माझा टॉवेल एकदाही गार राहू दिला नाही.

मम्मी बाजूला स्टुलावर बसायची. तिची जपमाळ पर्समध्ये होती. ती पर्समध्येच हात घालून मणी सरकवायची, बाहेर काढायची नाही. आम्ही भांडायचोही. मी पाणी पीत नाही यावरून, स्कार्फ कसा बांधायचा यावरून. एकदा मी तिला म्हटलं, "तू बाहेर जाऊन बस." ती गेली. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

मला प्रार्थना सगळ्या पाठ आहेत, इंग्रजीतल्या शाळेमुळे, मराठीतल्या चर्चमुळे. त्या खुर्चीत एकही पुरी म्हणता आली नाही. मी फक्त "प्लीज" म्हणायची. कधी कधी बाटली संपेपर्यंत तेवढंच.

*

तिसऱ्या डोसाला शेजारच्या खुर्चीत नांदगावची एक बाई होती. चाळिशीची असेल. तिचा उजवा हात सुजून उशीवर ठेवलेला होता. ती नवऱ्याबरोबर रेल्वेने यायची.

"तुका लवकर गावला, बरा झाला," ती मला म्हणाली. "माका वर्स झाला. मी गाठीवर पालो बांधी होतंय."

मम्मीने विचारलं, "कोणी सांगूक नाय तुमका, तपासून घे म्हणान?"

"सांगतलो कोण, बाय? जेका झालेला असता तो लपयता. आमच्याच वाडयेत दोगींका झालेला. एक बरी होऊन भाकरी भाजता. माका ह्या मागसून कळला." ती हसली. "कळला असता तर तिच्या चुलीकडे जाऊन बसलंय असतंय. इचारलंय असतंय, दुखता काय गो?"

मम्मीने संत्रं सोलून तिला अर्धं दिलं. चौथ्या डोसाला ती बाई होती, पण बोलली नाही. पाचव्याला त्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. मी सिस्टरला विचारलं नाही. मम्मीनेही नाही. गाडीत मम्मीने माझा हात सावंतवाडीपर्यंत सोडला नाही.

*

तिसऱ्या डोसानंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "छान आहे. पण लागत नाही म्हणजे गेली असं समजू नका. बाराच्या बारा घ्यायचे."

फिलूमावशी दर रविवारी दुपारी माझ्या मानेला तेल लावून सायबिणीकडे प्रार्थना करायची. त्या रविवारी तिची बोटं मानेवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"गो! माझ्या हाताक लागणा नाय!"

तिने मला छातीशी धरलं. तिचं सगळं अंग हलत होतं. ती मम्मीला म्हणाली, "औषध काय दिल्यानी हत तिका?"

"काय नाय," मम्मी म्हणाली. "नुसता रगत तपासतत."

थायरॉइड हा शब्द सोडला तर हे एकच वाक्य आम्ही उघडपणे खोटं बोललो. बाकी सगळं न बोलून.

मावशीबद्दल एक सांगायला हवं. वाडीत कोणी अंथरुणाला खिळलं की आधी मावशी पोहोचते. पेज घेऊन जाते, अंग पुसते, घाण काढते, मग प्रार्थना करते. कोणत्या धर्माचं घर आहे ते बघत नाही. ती खोटं बोलत नव्हती. खोटं आम्ही तिच्या हातात दिलं होतं, आणि ती ते खऱ्या मनाने घरोघर वाटत होती.

*

आणि सुलभाकाकीचा कागद मी वाचला होता.

मी चादर तोंडावर ओढली त्याच्या दोन आठवडे आधी ती सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली होती. काजूच्या टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली असतात. कागद मळू नये म्हणून तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता. माझा स्कार्फ बघून म्हणाली, "केस गेले ते बरे. उवांका सांग, आता दुसरा घर बघा." मी हसले. माझ्यासमोर केसांवर विनोद करणारी ती एकटीच होती.

मग मी वाचलं. छातीतल्या गाठीबद्दल होतं. कडा वेड्यावाकड्या आहेत, तुकडा काढून लगेच तपासावा.

"तुकडा काढून तपासायला सांगितलंय," मी म्हटलं. "लवकर."

"तुका काय वाटता?"

"डॉक्टरांना विचार."

मी घडी घालून दिलेला कागद तिने पिशवीत घातला. त्या वेळी मला तिला माझं खरं सांगता आलं असतं. मी पुन्हा एकदा घडी घातली होती, या वेळी दुसऱ्याच्या कागदाची.

*

चादर तोंडावर ओढली त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, "काकीला सांगायला हवं."

मम्मीने वाढायचं थांबवलं नाही. "मी तिका बाजूक घेऊन सांगतंय, सोमवारी जा म्हणान."

"ती विचारेल, तुमच्या मुलीला का नाही लागलं जायला?"

"तीन म्हयने गप रवलव. अजून थोडे म्हयने रव."

"आणि ती?"

मम्मीच्या हातातला डाव भांड्यात पडला. "माका स्थळाचा पडला नाय," ती म्हणाली. "तुका वाटता मी लग्नासाठी लपयतंय. कोणी तुझ्याकडे मेलेल्या माणसाकडे बघतत तसा बघूचा नाय, म्हणान लपयतंय. मी बघलंय तसा बघतत ते. माझ्या आवशीकडे बघी होते." आजीला काय झालं होतं हे मला त्या दिवशी कळलं. पंचवीस वर्षं तेही घरात कोणी बोललं नव्हतं.

पप्पा भात कालवत होते. "पंपाचा खरा सांगतंय," ते म्हणाले, "आणि पोरीचा खोटा." एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले.

धर्मशिक्षणाच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की जो माणसांना देवाकडे आणतो तो शहाणा. मला वाटायचं, ते मावशीसारख्यांचं काम, ज्यांना आवाज आहे. पप्पांसारखी माणसं नुसती नीट जगतात. आणि माझ्यासारखी पातेल्याजवळ उभी राहतात. त्या दिवशी मला दिसलं की काकीने मावशीच्या बोलण्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. मावशीचे चमत्कार तिने याआधीही ऐकले होते आणि चहा पिऊन ती घरी गेली होती. या वेळी तिने ठेवला कारण हे बावतीसच्या घरातून आलं होतं. पप्पांनी इतकी वर्षं पंपांबद्दल जे खरं सांगितलं, त्याच्या बळावर आमचं खोटं उभं होतं. चांगल्या माणसाच्या घरातून खोटं बाहेर पडलं की लोक ते खरं धरूनच चालतात. माझ्या देवाचं नाव घेऊन काकी सोमवारी घरी बसणार होती, आणि मला नांदगावच्या बाईचा हात दिसत होता.

हे सगळं कळूनही मी शुक्रवारी काकीच्या दारातून परत आले. ती आत भाकऱ्या थापत होती. मला थापण्याचा आवाज ऐकू येत होता. मी स्वतःला सांगितलं, डोसाचा थकवा आहे, उद्या येऊ.

*

शनिवारी संध्याकाळी सायबीण आली. आधी गाणं ऐकू आलं, मग मेणबत्त्या दिसल्या, मग काचेची पेटी. टेबलावर लेसचं कापड घातलं होतं. आत चर्चमधली माणसं, बाहेर खळ्यात शेजारी. काकी दाराशी बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात अबोलीचा वळेसर. तो तिने पेटीवर घातला आणि इतका वेळ डोकं टेकून राहिली की मागचे थांबून राहिले.

माळ जपून झाली. मी चण्यांच्या पातेल्याकडे सरकले होते.

"आता आमचा चेडू साक्ष देतला," फिलूमावशी म्हणाली.

मला कोणी विचारलं नव्हतं. मावशीला वाटलं, विचारायचं काय त्यात. तिचे डोळे चमकत होते. ती माझ्यासाठी तीन महिने गुडघ्यांवर बसली होती, तिचा तेवढा हक्क होता. कोणीतरी मला वाट करून दिली आणि मी पेटीसमोर आले. इतकी तोंडं. मेणाच्या वासाने मळमळत होतं. स्कार्फखाली घाम आला होता.

"सांग गो बाय. दोन शब्द," मावशी म्हणाली.

मी स्कार्फची गाठ घट्ट केली.

"फिलू, तूच सांगून टाक. तुका पाठ आसा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

"नको, तिका सांगांदेत," दाराशी काकी म्हणाली. "मी तिचाच ऐकूक बसलंय."

हसणं थांबलं. मी मम्मीकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. जपमाळ या वेळी पर्समध्ये नव्हती, तिच्या मांडीवर होती, सगळ्यांना दिसेल अशी. पप्पा खिडकीपाशी होते आणि माझ्यावरची नजर काढत नव्हते. मला वाटलं, आता कोणीतरी गाणं सुरू करेल आणि मी सुटेन. कोणी केलं नाही.

मी घाबरले की इंग्रजीत विचार करते. त्या वेळी माझ्या डोक्यात एक इंग्रजी शब्दही नव्हता. देवाला म्हणायची ते "प्लीज"सुद्धा नाही. मी पेटीकडे पाठ केली, दाराकडे वळले आणि बोलले.

"काकी, माका थायरॉइड नाय. कॅन्सर आसा. गाठ लागणा नाय ती औषधान. पाच डोस झाले, सात बाकी आसत. मावशीक ह्या म्हायत नव्हता, आमीच लपयला. देवान माझ्यासाठी काय केल्यान ता सांगू? मी भियान मरी होतंय, तरी दर खेपेक माका त्या गाडयेत बसवल्यान. आजून भिया वाटता. आता पण वाटता. तुझो कागद मी वाचलंय, काकी. तू सोमवारी जावकच व्हया. मी येतंय तुझ्यावांगडा."